जपानी उमटत नाही

नेर गावात झुंजूमुंजू होतं, तेव्हा जपानमधली ऑफिसं उघडतात. म्हणून संघदीपचा दिवस पहाटेच सुरू होतो, घरातल्याच खोलीत, कानावर हेडफोन चढवून. त्याची कंपनी जपानीपासून मराठीपर्यंत सगळ्या भाषांचे कीबोर्ड बनवते. ब्राउझरमध्ये कुणाची जपानी अक्षरं उमटत नसली, की चॅटवर धीर देत देत ती उमटवून द्यायची, हे त्याचं काम.

आज एक जपानी आजीबाई होत्या. काहीही केलं तरी इंग्रजीच उमटायचं. सेटिंग बदललं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, तरी तेच. संघदीपचे डोळे चुरचुरायला लागले होते.

तेवढ्यात बाबा मोबाइल घेऊन दारात आले. “संघदीप, हे पाह्य ना जरा...”

“उद्या पाहतो, बाबा,” तो मान न वळवता म्हणाला. कालही हेच म्हणाला होता.

शेवटी एकदाचं आजीबाईंचं जपानी उमटलं. त्याने जांभई देत पुढची तक्रार उघडली. मराठी माणसाची होती, म्हणून साहेबांनी ती मुद्दाम त्याच्याकडे सरकवली होती. लिहिलेलं काहीच नव्हतं, नुसता रेकॉर्ड केलेला आवाज होता.



“साहेब, मोबाइलमधी मराठी उमटून नाही राह्यलं. बायको वारली, तिच्या पुण्यानुमोदनाचा निरोप सोयऱ्यायले धाडाचा हाय. घरी पोरगा हाय, पण त्याले जपानच्या लोकायचं लय काम राह्यते. तुमी सावकाश पाहा, साहेब.”