बरणीतला दात

"मला ती गाठ बघायचीच आहे," वृषाली हट्टाला पेटली, तेव्हा डॉक्टरबाईंनी नाइलाजाने बरणी पुढे केली. काल तिच्या अंडाशयातून काढलेली गाठ मधोमध कापली होती. आत केसांचा गुंता होता आणि त्यात एक पांढराशुभ्र दात.

वृषालीच्या अंगावर सरसरून काटा आला. "हे... मूल होतं?"

"छे गं! वाट चुकलेल्या पेशी या. केस झाल्या, दात झाल्या, माणूस व्हायचं काही जमलं नाही. तुझं बाळ सुखरूप आहे."

चौथा महिना लागलेल्या पोटावर वृषालीचा हात गेला. "मग याच्या पेशींना वाट कोण दाखवतं?"

"कोणी नाही. त्यांची त्यांनाच कळते."

वृषालीने पुन्हा दाताकडे पाहिलं. किती रेखीव होता! त्या पेशींनाही आपण बरोबरच चाललोय असं वाटलं असणार.