बेटावर जायची गाडी

“शेवटचं एकदा दाब बघू!” मेकॅनिक गाडीखालून ओरडला. त्याच्या बायकोने स्टीअरिंगशेजारचा दांडा पुढे ढकलला. ब्रेक कच्चकन लागला. दांडा खाली ओढला की गाडी पळणार, पुढे ढकलला की थांबणार. पायांचं काही कामच नाही. तिचे पाय तसेही तीन वर्षांपूर्वीच गेले होते. मेकॅनिक घसरत बाहेर आला, कपाळाचं ग्रीस पुसलं आणि पहिला नंबर आल्यासारखा हसला. उद्या सकाळी सहाला बेटाकडे निघायचं होतं.

तीन वर्षांपूर्वीही दोघं बेटावरच निघाली होती. आठवडाभर ती सांगत होती, अहो, ब्रेक पोकळ लागतोय. पण गावभरच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याला घरची गाडी बघायला कुठली फुरसत! “आल्यावर बघू गं,” तो म्हणाला होता. उताराच्या वळणावर ब्रेकने दगा दिला. त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. तिचा कणा मोडला.

त्यानंतर ती भांडली नाही, रडली नाही, की एका शब्दाने बोलली नाही. चहा द्या, औषध द्या, खिडकी लावा, एवढंच. चार शिव्या हासडल्या असत्या तर निदान त्याला झोप तरी लागली असती. आणि चार महिन्यांपूर्वी एका सकाळी मांडीवर नकाशा पसरून ती म्हणाली, “बेटावर जायचं राहूनच गेलं. मला चालवता येईल अशी गाडी कराल?” मेकॅनिक गॅरेजच्या मागे गेला आणि ओक्साबोक्शी रडला. बेटावर पोचलो की झालं, त्याने मनाशी धरलं, तिथं ती आपल्याला माफ करणार. माणसाने भोळं असावं, पण किती!

मग काय, त्याच्या अंगात वारंच शिरलं. गिऱ्हाइकांना ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणून त्याने वाटेला लावलं. रिकाम्या मैदानावर तिला दांड्याने गाडी चालवायला शिकवली, परवान्याच्या परीक्षेला स्वतः घेऊन गेला. ती एकेक सांगायची, तो करायचा. डावीकडचं दार हाताच्या एका धक्क्याने सताड उघडायला हवं. केलं. त्या दारातून स्टीअरिंगपर्यंत सरकत जायला घडीची फळी हवी. केली. वाटेतल्या लॉजना पायऱ्या असतात, म्हणून मागची सीट काढून झोपायला गादी हवी. तीही केली, अडीच फुटांची. बाजूच्या जागेत पाण्याचे कॅन, स्टोव्ह आणि औषधांचा खोका. “मी काय, पुढच्या सीटवर लवंडेन कसाही,” तो म्हणाला. ती नकाशावर पेन्सिलीने खुणा करत राहिली.

फेरीबोटीच्या कचेरीत तिने स्वतःच फोन लावला. बोट चालू असताना गाडीतून उतरलं नाही तर चालेल का? चालेल म्हणाले. टायरला हवा भरायचा पंपसुद्धा तिने हाताशी बसवून घेतला. तिची धाकटी बहीण बेटावरच राहायची. तिला फोनवर मेकॅनिक कौतुकाने सांगत सुटायचा, “तुझ्या ताईला आता कुणाची म्हणून गरज नाही बघ!” मेव्हणी नुसतं “हो भाऊजी” म्हणायची आणि फोन ठेवायची.

“आता खुर्ची तेवढी राहिली,” निघायच्या आदल्या दिवशी, ब्रेक बघून झाल्यावर ती म्हणाली. “दरवेळी तुम्ही ती उचलून डिकीत टाकायची, हे काही बरं नाही. ती माझ्या शेजारी हवी. बसल्या जागेवरून आत ओढता आली पाहिजे.”

मेकॅनिकचे डोळे चमकले. अवघड काम पुढ्यात आलं की त्याला दुसरं काही दिसायचंच नाही. त्याने तिच्या शेजारच्या सीटचे चार बोल्ट सोडले, सीट उचलून भिंतीला टेकवली. तळाला पत्रा ठोकला, त्यावर दोन पट्ट्या, पट्टा गुंडाळणारी छोटी मोटर, चाकं अडकतील असा खटका. जेवायलाही उठला नाही. ती खुर्चीत बसून बघत होती, मागेल तो पाना त्याच्या हातात देत होती. तीन वर्षांत दोघांनी असं मिळून काही केलं नव्हतं. सुखाने त्याला भरून आलं.

संध्याकाळी करून बघितलं. ती फळीवरून सरकत स्टीअरिंगमागे जाऊन बसली. फळी मिटली. खुर्चीची घडी केली, पट्ट्याचा आकडा अडकवला आणि बटण दाबलं. खुर्ची सरसर आत आली, खटक्यात फिट्ट बसली. दोरी ओढून तिने दार लावलं.

“अर्रे वा!” मेकॅनिकने टाळीच वाजवली. कुणाचा हात लागला नाही! तो पळत आत गेला, आपल्या कपड्यांची बॅग घेऊन आला आणि ती ठेवायला गाडीत डोकावला. मागे गादी आणि कॅन. पुढे ती आणि खुर्ची. त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं, पुन्हा मागे बघितलं.

“अगं,” तो हसत हसतच म्हणाला, “आणि मी कुठं बसू?”

तिने आरसा आपल्यापुरता नीट केला. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे बघून हसली.

“गाडी फर्स्ट क्लास झालीय हो,” ती म्हणाली. “हे तुम्ही कधी विचारताय, याचीच चार महिने वाट बघत होते.”