सुपारी फुटण्याआधी

सुपारी फोडायची तयारी झाली आणि पाटावर बसलेली ज्ञानेश्वरी म्हणाली, “लग्नाआधी एचआयव्ही, सिफिलिस, सगळं दोघांनीही तपासून घ्यायचं. माझं झालंय. ओमचं राहिलंय.”

ओमचे वडील भाऊसाहेब, साखर कारखान्याचे संचालक, ताडकन उठले. “आमच्यावर संशय? आमच्या घराण्यात असलं काही न्हाई! उठा रं सगळे!”

कुणीच उठेना. ओमची आई, गीताबाई, सकाळपासून पहिल्यांदाच बोलल्या. “बरोबर बोलतीया पोरगी. ओम, उद्याच नगरला जाऊन तपासून ये.”

मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, “आन् जाताना ह्यांनाबी गाडीवर घेऊन जा. कारखान्याच्या मिटिंगा म्हणून मुंबईला लई मुक्काम झाल्यात ह्यांचे.”