उताराचा कानोसा

“वहिनी, आईला मागच्या खोलीत एकटी ठेवू नकोस,” नणंद फोनवर म्हणाली होती. “बाबा गेल्यापासून तिचं काहीतरी बिनसलंय.”

“ताई, त्या अगदी ठणठणीत आहेत. इथं मला भिंतीची काळजी पडलीय,” सुनेनं उत्तर दिलं होतं. विषय तिथंच मिटला.

भिंतीच्या भेगेत बोट जायला लागलं, म्हणून आज सर्वेक्षक आला होता. घर सोडायचं की राहायचं, ते तो सांगणार होता. घरामागच्या उतारावर, उंचवटे आणि खळगे धरत, त्यानं मागच्या खोलीपर्यंत जमिनीत छोटे छोटे खिळे रोवले होते. एका वायरीत ओवलेले, जमीन ऐकणारे कानच म्हणा. वर त्याचा मदतनीस लोखंडी पाटावर घण घालायचा. हादरा जमिनीच्या अंगावरून पसरत यायचा. खाली खडक असला तर भरभर, माती भुसभुशीत असली तर रेंगाळत.

“सपाट जमीन असती तर चुटकीसरशी झालं असतं,” सर्वेक्षक म्हणाला. “इथं लाट चढते, उतरते, अडखळते. त्यात कुणाचं पाऊल मिसळलं की संपलं. सगळ्यांनी पुतळे व्हा. शिंक आली तर उद्या द्या.”

सून बाळाला कडेवर घेऊन उभी राहिली. बाळानं पाय झाडला तरी तिचा जीव खाली-वर होत होता.

घण पडला. सर्वेक्षकानं स्क्रीनवरच्या रेघेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“कोण चाललं?”

“कुणी नाही.”

पुन्हा घण. पुन्हा तेच.

“घराकडच्या टोकाला कुणीतरी चालतंय. आणि गंमत बघा, आधी नाही. घाव पडला की मग चालायला लागतं.”

“भूत असेल, साहेब,” मदतनीस वरून ओरडला.

“भुताचे पाय उलटे असतात. रेघही उलटी आली असती.”

“घरात फक्त सासूबाई आहेत, आणि त्या जरा आडव्या झाल्यात,” सून हसत म्हणाली. तरी बघायला आत गेली.

सासूबाई मागच्या खोलीत रिकाम्या खाटेशी उभ्या होत्या. हातात पाण्याचं भांडं. सासऱ्यांची वाचा गेली तेव्हापासून ते काठी जमिनीवर आपटून त्यांना बोलवायचे. काठी अजून खाटेच्या उशालाच होती.

मदतनीसाला थांबायला सांगायचं राहून गेलं होतं. बाहेर घण पडला.

“आले हो,” सासूबाई म्हणाल्या आणि खाटेला वळसा घालून निघाल्या. सुनेला पाहून ओशाळल्या.

“अशी बघू नकोस. ते गेलेत, मला कळतं गं. पायांना कळत नाही.”

सुनेनं त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. त्यांना खाटेवर बसवलं, बाळ मांडीवर दिलं. मग स्वतः खाली बसून त्यांची दोन्ही पावलं हातांत धरली.

“आता मारा!” तिनं खिडकीकडे तोंड करून सांगितलं.

घण पडला. पावलं उचलली गेली आणि तिच्या तळहातांत थरथरत थांबली. पुन्हा घण. पुन्हा. सासूबाई बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवून पुटपुटत होत्या, “येते. थांबा जरा. येऊ देत नाहीयेत मला.”

सुनेनं पकड सोडली नाही.

“वा! एकदम साफ!” बाहेरून सर्वेक्षक ओरडला.

घर वाचलं. मागच्या खोलीखालची माती मात्र पाण्यानं पोखरली होती. खोली त्याच दुपारी रिकामी केली, कुलूप घातलं. खाट, काठी आणि सासूबाई पुढच्या खोलीत आल्या.

सुनेला आता भिंतीची धास्ती नाही. ती बाळाला पाळणाघरात सोडून कामावर जाते. दिवसभर सासूबाई घरात एकट्या असतात.

त्या उतारावरून कधी गेलात तर जरा डोकावून या. दार नुसतं लोटलेलं असतं. फक्त ते वाजवू नका. बाहेरूनच हाक मारा.