दाराजवळचा स्पीकर

जतीनने दाराजवळचा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि त्याच्या मागे आडवा पडून वायर पाहू लागला. मग त्याने कपाळावर हात मारला. लालच्या जागी काळी होती, काळीच्या जागी लाल.

“सापडला का रे तुझा बेस?” खाटेवरून हरिश्चंद्रअण्णांनी विचारलं.

“सापडला अण्णा. एक स्पीकर हवा ढकलत होता, दुसरा ओढत होता. म्हणून बेस उरतच नव्हता.”

या दोन उंच स्पीकरांनी घरादाराला वात आणला होता. बेस लागावा म्हणून जतीनने त्यांच्याखाली कडप्पा घातला होता. आवाज घुमू नये म्हणून समोरच्या भिंतीला आईची गोधडी टांगली होती. अंबूबाई गोधडी मागून थकल्या होत्या. अण्णांना मात्र मजा वाटायची. चिकूच्या झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेल्यापासून पोराची ही खटपट हाच त्यांचा सिनेमा होता.

त्यांची खाट पुढच्या खोलीत ठेवली होती त्याला कारण होतं. इकडे डहाणू-तलासरीकडे जमीन हलते. आधी जमिनीच्या पोटातून गडगड येते, मग धक्का बसतो. सरावलीच्या या घराच्या भिंतींना तडे गेले होते. म्हणून घरात नियम होता, गडगड आली की आधी अण्णांची खाट. डोक्याकडे देवेश, पायाकडे जतीन. धाकट्या देवेशने हसतखेळत तालीमही करून घेतली होती. अण्णा तेव्हा हसले होते, पण रात्ररात्र जागे असायचे. मरणाचं त्यांना फार काही नव्हतं. सगळे पळतील आणि आपण मागे राहू, याची त्यांना भीती वाटायची.

जतीनने वायर बदलली. समोर स्टुलावर बसून मोबाइलवर बेस तपासायची फाइल लावली. तीत गाणं नव्हतं, नुसती खोल घरघर होती. आवाज आधीपासूनच शेवटाला नेलेला होता.

खोली खालून घुमली. शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या. जतीनच्या छातीत आनंद मावेना.

“धक्का! बाहेर व्हा!” आतून देवेश ओरडला. तो खाटेच्या कडेने धावत बाहेर गेला. त्याच्यामागे जतीनची बायको जागृती, तिच्यामागे हातात झारा घेतलेल्या अंबूबाई. झाऱ्याला लागलेलं तेल अण्णांच्या चादरीवर ठिबकलं. खाटेकडे कोणीच पाहिलं नाही.

जतीनने हातातल्या स्पीकरच्या रिमोटचं बटण दाबलं. घरघर थांबली. त्याला हसू आलं होतं. अण्णांचा चेहरा पाहिला आणि ते तोंडातच राहिलं.

अण्णा रडत होते. त्यांनी हात पुढे केला आणि जतीनचं मनगट घट्ट धरलं.

“तू थांबलास,” ते म्हणाले. “तू एकटा थांबलास रे.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण बापाने असा हात याआधी कधी धरला नव्हता. जतीनने दुसऱ्या हाताने रिमोट खिशात सरकवला.

बाकीचे मान खाली घालून आत आले. धक्का इतरांना जाणवला का, हे शेजारी जाऊन विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. अंबूबाई चादर बदलताना हुंदके देऊ लागल्या.

“माझी अक्कल कुठे गेली होती? तुमच्या अंगावरून गेले मी.”

“जाऊ दे,” अण्णा म्हणाले. “जतीन होता.”

त्यानंतर घरात जतीनचा भाव वधारला. ताटात माशाची मोठी तुकडी त्याला पडू लागली. स्पीकर वाटेत येतो म्हणायचीही सोय राहिली नाही. तिथेच बेस छान लागतो, तर राहू दे तिथेच, असं अण्णाच म्हणाले. देवेश त्याच्याशी डोळे वर करून बोलेना. अंबूबाईंनी आपली चटई खाटेशी आणून टाकली. जागृती स्वयंपाकघरातून सारखी खाटेकडे पाहत राहायची. अण्णा मात्र शांत झोपू लागले. जतीनला आतून लाज वाटायची. एकदा निवांत वेळ बघून सांगून टाकू, असं तो रोज ठरवायचा.

त्या रविवारी सकाळी तो स्टुलावर बसून गाणी ऐकत होता. कपबशा किणकिणल्या. बेस जरा जास्तच झाला, असं वाटून त्याने रिमोटचं बटण दाबलं. गाणं थांबलं. घरघर थांबली नाही.

जमीन थरथरायची थांबली तेव्हा जतीन अंगणात होता. अनवाणी, धापा टाकत. चिकूची पानं अजून हलत होती. आपण कधी उठलो, दार कसं ओलांडलं, त्याला काही आठवत नव्हतं. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

मग त्याने दाराकडे पाहिलं. डोक्याकडून देवेशने खाट उचलली होती, पायाकडून जागृतीने. वरून भिंतीचा गिलावा गळत होता आणि अंबूबाई अण्णांच्या तोंडावर पदर धरून वाकल्या होत्या. खाट दारापर्यंत आली होती आणि तिथे स्पीकरला अडकली होती.

अण्णांनी पदर बाजूला केला. जतीनकडे पाहिलं. मग त्याच्या मुठीतल्या रिमोटकडे, बराच वेळ.

“जतीन,” ते म्हणाले, “आत ये. तुझा स्पीकर सरकव.”