बापूजींच्या गाठी

“तुलाही येतील गाठी, अभय. माझ्या बापाला होत्या, मला आहेत. तू माझाच ना?”

बापूजींचा हा आवाज अभयकुमारच्या कानात पंचवीस वर्षं मुक्कामाला होता. दुकानाच्या गादीवर बसून बापूजी, म्हणजे केवलचंद, कपाळावरच्या गाठी पोराला चाचपू देत आणि हसत. पुढे त्यातली एक फुटली, डोळ्यात उतरली, आणि हसू गेलं. मागून माणूसही गेला.

आता पंच्याहत्तर साली अभयकुमारच्या कानशिलावर पहिली गाठ आली. पाठोपाठ मानेवर दोन.

चार वर्षांपूर्वी मुंबईत त्याला आईचं, धापूबाईंचं, मूत्रपिंड बसवलं होतं. सख्ख्या आईचं असून शरीर इतकं भांडतंय कसं, याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं. ते भांडण दाबायला गोळ्या वाढवल्या. उन्हात फिरू नका, असं बजावलं. पण कपाशीची खरेदी काय सावलीत होते? अभयकुमार असोद्याच्या शिवारात हिंडतच राहिला.

गाठी पाहून डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणाला होत्या का. धापूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“वडिलांना. आजोबांना,” अभयकुमारनेच सांगितलं.

धापूबाई औषधं आणायला बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी अंगाची राखण ढिली पडते, मग ऊन आपलं काम करतं. पण रोग रक्तातूनच आला असेल तर तुमच्या निम्म्या लेकरांतही उतरेल.

राजकुंवरला, त्याच्या बायकोला, नऊ वर्षांनी दिवस राहिले होते. तीन महिने भरेपर्यंत त्या घरात असली गोष्ट कुणी तोंडातून काढत नसे, म्हणून सासूला सांगितलं नव्हतं.

हे मूल नको, असं अभयकुमारने सांगितल्यावर आठ दिवस ती रडली. बापूजींचा डोळा माझ्या डोळ्यांदेखत गेला, पोराला तेच देऊ का, एवढंच तो म्हणत राहिला. नवव्या दिवशी तिने वेणी घातली आणि म्हणाली, चला.

जळगावात ओळखीचे फार. म्हणून धुळे गाठलं. गाठ दाखवून येतो, असं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परतताना एसटी एरंडोलला थांबली, तेव्हा राजकुंवरने पाण्याचा घोटही घेतला नाही.

धापूबाई ओट्यावर वाटच पाहत होत्या. सुनेला शेजारी बसवून त्यांनी पदराआडून पिवळं झबलं काढलं.

“मला काय कळत नाही? मी दिवस मोजत होते. आज तीन महिने भरले. आता बोलायला मोकळी.”

राजकुंवरने हात पुढे केला नाही.

अभयकुमारने मग आईला सगळं सांगितलं. निम्मी लेकरं, धुळे, दवाखाना.

“बापूजींचं ते माझ्यापाशीच संपू दे, बाई.”

धापूबाईंनी झबल्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“त्यांनी मला शपथ घातली होती,” त्या म्हणाल्या. “तू बारा दिवसांचा होतास, अभय. एरंडोलला तुझ्या आईच्या हातून मी तुला ओटीत घेतलं.”