घरची तीन माणसं, मत एक

"मत कुणाला दिलंत, आजी?" वकीलबाईंनी विचारलं.

"कुणाला म्हणजे? माझ्या सुनेला!" साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हातारी ठणकावून म्हणाली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या टेलरबाईंच्या जिवात जीव आला.

गावप्रमुखाच्या निवडणुकीत त्या दोन मतांनी पडल्या होत्या. दोन! फेरमोजणी मागायला गेल्या तेव्हा वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, "हरलो म्हणून पेट्या उघडा, हे न्यायाधीश ऐकत नाहीत. नुसता संशय चालत नाही. कुठल्या केंद्रावर, किती मतं, कशी चुकली, ते नेमकं सांगायचं आणि साक्षीनं दाखवायचं." टेलरबाईंना नेमकंच ठाऊक होतं. दवाखान्यातलं केंद्र समोरच्या उमेदवाराच्या भावकीचं. तिथे त्यांची घरची माणसं तीन : त्या, नवरा आणि सासू. आणि त्यांच्या कंदील या चिन्हाला तिथे मत पडलं होतं एक. मग दोन गेली कुठे? मोजणाऱ्यानं समोरच्याच्या गठ्ठ्यात टाकली, दुसरं काय!

गाव मात्र फिदीफिदी हसत होतं. नळावरच्या बायका त्यांना 'एकमतवाली' म्हणायच्या. "अगं, घरच्यांनी तरी दिलं का?" असं मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायच्या. टेलरबाईंच्या अंगाची लाहीलाही व्हायची. खुर्ची गेली खड्ड्यात, पण घरच्या माणसांवर बालंट? ज्या नवऱ्यानं सायकलचं दुकान बंद ठेवून दारोदार कंदिलाची पत्रकं वाटली, त्याच्यावर? दुकानात मित्र टर उडवायचे, "आता पंक्चर काढायचं तेही बायकोची सही घेऊन!" तेही त्यानं हसून साजरं केलं होतं. निकालाच्या दिवशी तर बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरला नाही. "सोड गं, कशाला कोर्टाची पायरी चढतेस?" एवढंच म्हणत राहिला. माणूस खचलाय, हे त्यांना दिसत होतं. म्हणून तर त्या हट्टाला पेटल्या. पेटी उघडली की त्याचीही मान ताठ होईल.

समोरचे वकील उठले. "आजी, शिक्का कंदिलावरच पडला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"मला कुठलं दिसतंय, बाबा? लेक होता ना सोबत. त्यानंच माझा हात धरून मारला."

"मग त्यांनाच विचारू," वकीलबाई घाईनं म्हणाल्या.

नवरा पिंजऱ्यात आला. आजच्यासाठी टेलरबाईंनी त्याला नवा सदरा शिवला होता. खांद्यात कसा झक्क बसला होता! आता याचे दोन शब्द, की झालं.

"तुम्ही आणि आईनं मत कुणाला दिलंत?"

तो कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिला. वकीलबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. तरी त्याचं नख थांबलं नाही. साधा माणूस, कोर्टाला बिचकला असेल, असं न्यायाधीशांना वाटलं. ते समजुतीनं म्हणाले, "घाबरू नका. मत गुप्त असतं. ते सांगायची सक्ती कायदा कुणावरच करत नाही. सांगायचं तर सांगा, नसेल तर राहू द्या."

नवऱ्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. मग न्यायाधीशांपुढे हात जोडले.

"मग नाही सांगत, साहेब."